पावसाळा लागला की कोंबड्या का पडतात: कण्हेर, घाणेरी, की गोणीतलं काही?

तीन वर्षं ओळीने आमच्याकडे एकच प्रकार झाला. मृगाचा पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले, परस हिरवंगार झालं, की दोन-तीन कोंबड्या जायच्या. त्याही ऐन अंड्यावरच्या. संध्याकाळी खुराड्यात शिरताना धडधाकट असलेली कोंबडी सकाळी दार उघडल्यावर बाहेरच यायची नाही. कोपऱ्यात पिसं फुलवून, मान आत ओढून बसलेली. तुरा काळपट पडलेला, शेपटीखाली पातळ हिरवट-पांढरी घाण. पाणी पुढे केलं तर चोच बुडवायची, पण घोट घ्यायची नाही. कोणी त्याच संध्याकाळी जायची, कोणी दुसऱ्या दिवशी.

आम्ही चिपळूणजवळ राहतो. घरामागे माडाची रोपं, थोडी अबोली, थोडी भाजी. कोंबड्या पंधरा-सोळा, निम्म्या गावठी, निम्म्या गिरिराज. सकाळी मूठभर कणी टाकायची, की दिवसभर मोकळ्या. विषबाधा आहे हा संशय पहिल्याच वर्षी आला होता, पण दोन वेळा आम्ही भलत्याच झाडाला फाशी दिली. खरं कारण तिसऱ्या वर्षी सापडलं. ते झाड आमच्या परसात नव्हतंच.

कोंबडी आत्ता पडली असेल तर ही सगळी कहाणी वाचत बसू नका. कवडी ही आमची यातून वाचलेली कोंबडी; खाली ‘कवडीला काय केलं’ हा भाग आहे, तिथून सुरू करा.

आधी मानमोडी नाही ना, ते बघा

हिरवी हगवण दिसली की आमच्या सासूबाई एकच शब्द उच्चारतात: मानमोडी. त्यांचं काही चुकत नाही. मानमोडी म्हणजेच राणीखेत; ती येऊन आठवड्याभरात अख्ख्या वाडीतली खुराडी रिकामी झालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून झाडांकडे बोट दाखवण्याआधी हा प्रश्न मिटवायचा.

मानमोडी पसरते. आज एक, परवा चार, नंतर शेजाऱ्यांकडे. कोंबड्या चोच उघडून घरघरत श्वास घेतात, काही वाचतात पण मान वाकडी होऊन बसते, पंख-पाय लुळे पडतात. विषबाधा तशी पसरत नाही. ज्यांनी एकत्र खाल्लं त्या एकदम किंवा दोन-तीन दिवसांत पडतात आणि मग थांबतं. शेजारच्या कोंबड्या ठणठणीत असतात. आमच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब आणि दोन महिन्यांची झाली की आर-टू-बीचं इंजेक्शन दिलेलं असतं, त्यामुळे संशय जरा कमी होता. लस दिलेली नसेल तर मात्र पहिला संशय मानमोडीचाच धरा.

एका दिवसात बऱ्याच कोंबड्या मेल्या, त्यातही तोंड सुजलेलं, तुरा निळाजांभळा असं काही दिसलं, तर मेलेल्या कोंबडीला हात लावू नका, कापू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. बर्ड फ्लू ही दूरदेशीची गोष्ट नाही. देशातली पहिली साथ २००६ साली आपल्याच नवापूरला आली होती.

आणखी दोन गोष्टी झाडांच्या नावावर खपतात. मान अगदी ओल्या फडक्यासारखी लोंबते, कोंबडी शुद्धीत असते पण डोकं उचलता येत नाही, पिसं नुसती ओढली तरी हातात येतात: हा बहुतेक वेळा बोट्युलिझम. कुंपणाकडेला उंदीर मरून पडलेला असतो, त्यात अळ्या होतात, कोंबड्या त्या अळ्या चवीने वेचतात आणि अळ्यांबरोबर विष पोटात जातं. पावसाळ्यात हे फार होतं. दुसरी गोष्ट फवारणी. शेजारच्या भाताच्या किंवा भाजीच्या वाफ्यावर औषध मारलं, कोंबड्या तिकडून फिरून आल्या आणि तासाभरात लाळ गळतेय, अंग थरथरतंय, तोंड उघडं, पातळ हगवण. असं असेल तर झाड शोधू नका, औषधाचा डबा शोधा. पेरणीच्या दिवसांत गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं बियाणं सांडलेलं असतं, तेही याच खात्यात. तो रंग ‘खाऊ नका’ हे सांगायलाच लावलेला असतो, पण कोंबडीला कोण सांगणार.

कण्हेर तोडली, हीच चूक

पहिल्या वर्षी दोन कोंबड्या गेल्यावर कोणीतरी सांगितलं, फाटकाजवळची कण्हेर विषारी आहे. आहेच. लाल-गुलाबी कण्हेर काय किंवा पिवळी बिट्टी काय, पान, फूल, साल, बी, सगळ्यात हृदयावर काम करणारं विष असतं. ह्यांनी त्याच दिवशी कोयता घेतला आणि झाड बुंध्यापासून उतरवलं. फांद्या मात्र उकिरड्याच्या बाजूला लोटून दिल्या.

नंतर आमच्या पशुवैद्यक डॉक्टरांनी ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. कण्हेर बारा वर्षं उभी होती. कोंबड्या रोज तिच्या सावलीत धूळ अंगावर घेत होत्या. एकीनेही पान तोडलेलं आम्ही पाहिलं नव्हतं, कारण ओलं पान कडूजहर. सुकलेल्या पानाचा कडवटपणा तितका जाणवत नाही, विष मात्र तेवढंच राहतं. आणि उकिरडा म्हणजे कोंबड्यांचं भोजनगृह. म्हणजे बारा वर्षं ताटाबाहेर असलेली गोष्ट आम्ही स्वतःच्या हाताने ताटात वाढली होती. नशीब की आठ दिवसांत ती जागा साफ झाली.

तिथे मला पहिल्यांदा एक गोष्ट कळली, आणि तीच या सगळ्या लिखाणामागे आहे. मोकळी फिरणारी, पोटभर खाणारी कोंबडी उभ्या विषारी झाडाला सहसा तोंड लावत नाही. तिचं नुकसान करतं ते तोडून टाकलेलं, सुकलेलं, दळलेलं, धान्यात मिसळलेलं. मोठा अपवाद बंदिस्त कोंबडीचा. दहा बाय बाराच्या जाळीत आठ कोंबड्या ठेवल्या, आतलं गवत चार दिवसांत संपलं, तर जाळीतून आत आलेल्या ज्या काही फांदीला एरवी विचारलंही नसतं ती त्या कंटाळ्याने कुरतडतात. पिल्लंही अजाण असतात, दिसेल ते टोचून बघतात.

दुसऱ्या वर्षी घाणेरीची पाळी. मे महिन्यातच अख्खं कुंपण उपटलं, या खेपेस झुडपं लांब नेऊन टाकली. घाणेरीची पानं खाऊन गुरांचं यकृत बिघडतं, डोळे पिवळे होतात, उन्हात कातडी सोलवटते, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे संशय रास्त वाटला. जूनमध्ये पुन्हा तीन कोंबड्या गेल्या. घाणेरी निर्दोष सुटली, पण कुंपण गेलं ते गेलंच. पुढचे सहा महिने शेजारच्यांच्या बकऱ्या आमच्या अबोलीवर होत्या.

खुडूक कोंबडी आणि कॅलेंडर

तिसऱ्या वर्षी दोन गोष्टी जुळून आल्या.

एक, ज्या पडल्या त्या सगळ्या पुढारी होत्या. प्रत्येक कळपात दोन-चार अशा असतात की दार उघडलं की सगळ्यात आधी त्या घराला वळसा घालून मागे पळतात. त्याच गेल्या. खुडूक होऊन डालग्याखाली अंड्यांवर बसलेली मात्र ठणठणीत. ती दिवसातून एकदा उठायची, पुढच्या अंगणात कणी खायची, पाणी प्यायची आणि पुन्हा बसायची. तिचं पाणी तेच, कणी तीच, खुराड्याची हवा तीच. फक्त ती घरामागे गेली नव्हती.

दोन, ह्यांची सवय. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते सगळं लिहितात: गॅस लावला, म्हैस फळली, माडांना खत. तीन वर्षांची कॅलेंडरं खिळ्यावर एकावर एक होती. ती काढून बघितली. तिन्ही वर्षी पहिली कोंबडी पडली ती ‘माडांना पेंड’ लिहिल्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी.

त्या दिवशी गेलेली कोंबडी डॉक्टरांनी उघडली. गळ्याखालची अन्नाची पिशवी फुगलेली होती. आत भिजलेल्या भुश्शासारखा करडा-तपकिरी लगदा, दोन गांडुळं, आणि टरफलाचे बारीक तुकडे: चकचकीत, करडे, त्यावर तपकिरी नक्षी. डॉक्टरांनी एक तुकडा पाण्याने धुऊन माझ्या तळहातावर ठेवला. “ओळखा.” मी ओळखलं. लहानपणी आजोळी शेताच्या बांधावर एरंड असायचा, त्याच्या बियांनी आम्ही गोट्यांसारखं खेळायचो. फुगलेल्या गोचिडासारखी दिसते ती बी. लॅटिनमध्येही एरंडाला ‘रिसिनस’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ गोचीडच.

आमची समजूत अशी की गोणीत निंबोळी पेंड आहे. गोणीवर लिहिलेलं होतं ‘मिश्र सेंद्रिय पेंड’. घटक शिवणीजवळ बारीक अक्षरांत: निंबोळी, करंज, एरंड. तीन वर्षं तीच गोणी आणत होतो, एकदाही वाचलं नव्हतं.

पेंडीत विष का उरतं

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. एरंडेल आजीने आपल्याला पाजलेलं असतं, मग एरंड विषारी कसा? एरंडातलं मुख्य विष, रिसिन, हे प्रथिन आहे. ते तेलात उतरत नाही. घाण्यातून तेल निघून जातं आणि रिसिन मागे चोथ्यात, म्हणजे पेंडीत, राहतं. पेंड चांगली तापवली तर ते निकामी होतं, पण खताच्या पेंडीला तेवढा ताप मिळालाच असेल याची खात्री कोणी देत नाही. करंजाची पेंडही खाण्याची गोष्ट नाही. पण करंज आणि निंबोळी दोन्ही इतक्या कडू की कोंबडी एकदा टोचून सोडून देते. एरंडाला तसा कडवटपणा नाही. कुत्रीसुद्धा ही पेंड उकरून खातात, हे मला नंतर कळलं.

त्यात आपली कोंबडी काही पेंड खायला जात नाही. माडाच्या आळ्यात ओली माती, नुकतंच उकरलेलं, वर गांडुळं आलेली. ती गांडुळासाठी पाय मारते आणि पेंडीचे खडे सोबत गिळते. पोटातल्या दगडगोट्यांनी ते खडे मस्त दळले जातात. एरंडाची अख्खी कडक बी कधी कधी तशीच बाहेर पडते, पण पेंडीत ती आधीच फुटलेली असते.

रिसिन लगेच दिसत नाही. काही तास, कधी दिवस-दीड दिवस जातो. त्यामुळे आज पडलेल्या कोंबडीने आज काय खाल्लं हे शोधून हाती काही लागत नाही. काल आणि परवा ती कुठे होती ते विचारायचं. कण्हेर किंवा कीटकनाशक यांचा हिशोब तासांचा, एरंडाचा दिवसांचा. आम्ही दोन वर्षं त्याच दिवसाचा मागोवा घेत बसलो होतो. बदकांमध्ये तर एरंडाची विषबाधा बोट्युलिझमसारखीच दिसते, इतकी की दोन्हींत गल्लत होते.

कवडीला काय केलं

तिसऱ्या वर्षीची तिसरी कोंबडी, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली म्हणून कवडी, ती वाचली. रिसिनवर, म्हणजे एरंडातल्या विषावर, उतारा नाही. जे केलं ते आधाराचं काम, आणि ते बहुतेक सगळ्या वनस्पती-विषांना लागू पडतं.

सगळ्यात आधी बाकीच्या कोंबड्या खुराड्यात बंद केल्या. हे लोक विसरतात. आजारी कोंबडीभोवती सगळे गोळा होतात आणि उरलेल्या बारा जणी मागे त्याच आळ्यात पाय मारत असतात.

कवडीला पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली गोणपाट, अंधाऱ्या शांत खोलीत ठेवलं. पावसाची गार हवा होती म्हणून खोक्याच्या एका टोकाला साठचा बल्ब, दुसरं टोक मोकळं, म्हणजे ऊब नको झाली तर तिला सरकता येईल. मान टाकत होती, तेव्हा टॉवेलची गुंडाळी छातीखाली देऊन सरळ बसवलं. आडवी पडलेल्या कोंबडीच्या गळ्याखालच्या पिशवीतलं पाणी उलटं येऊन श्वासनळीत जातं, आणि विषातून वाचलेली त्यानेच जाते.

डॉक्टरांना फोन लावला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिचं वजन केलं: एक किलो सहाशे. डॉक्टरांनी अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल सांगितला. औषधाच्या दुकानात गॅसवरच्या गोळ्या-कॅप्सूल म्हणून मिळतो. पण त्यातल्या काहींत दुसरी औषधंही घातलेली असतात, तेव्हा घटक वाचून फक्त चारकोल असलेलाच घ्यायचा. पक्ष्यांना साधारण किलोमागे १ ते ३ ग्रॅम देतात. आमच्याकडे २५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल होत्या. आठ फोडून दोन ग्रॅम झाले, ते २० मिलिलिटर कोमट पाण्यात कालवले. चुलीतला कोळसा कुटून हे काम होत नाही. दिसायला तोही काळाच, पण विष धरून ठेवायची ताकद त्यात जवळपास नसते. आणि चारकोलचा उपयोग पहिल्या काही तासांत, पोटात विष शिल्लक असेपर्यंत. कवडी लवकर सापडली, म्हणून.

पाजायची पद्धत महत्त्वाची आहे, कारण इथेच कोंबड्या मरतात. कोंबडीने चोच उघडली की जिभेच्या मुळाशी एक छोटी फट उघड-मीट करताना दिसते. ती श्वासनळी. पिचकारीने मधोमध घशात पाणी मारलं की ते सरळ तिथे जातं. सुई काढलेली सिरिंज घ्या, चोचीच्या कडेला लावा, एक-दोन थेंब सोडा, ती गिळेपर्यंत थांबा, मग पुढचे थेंब. कवडीला वीस मिली द्यायला मला पाऊण तास लागला. सासूबाई मांडीवर तिला फडक्यात गुंडाळून धरून होत्या आणि अधूनमधून “दृष्ट काढू का?” विचारत होत्या. काढा म्हटलं, पण मिरच्यांचा धूर खोलीबाहेर करा. कोंबडी बेशुद्ध असेल, गिळत नसेल, तर तोंडाने काहीच द्यायचं नाही. ते डॉक्टरांनी नळी घालून करायचं काम आहे.

दोन तासांनी ओआरएस. माणसांचीच पुडी, पाकिटावर लिहिलंय तेवढ्या पाण्यात, उथळ वाटीत समोर ठेवली. आधी चोच ओली केली, मग तिने स्वतः पाच-सहा घोट घेतले. ते घोट मोजल्याचं मला अजून आठवतं. दाणा त्या दिवशी नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळी गळ्याखालची पिशवी चाचपली. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. तशीच टम्म राहिली तर खालचं काम बंद आहे असं समजायचं, आणि पुन्हा डॉक्टर. कवडीची रिकामी होती. मग पेजेसारखा मऊ भात, त्यात कुस्करलेलं उकडलेलं अंडं. चौथ्या दिवशी तिने खोक्यातून उडी मारली.

जे सांगितलं जातं आणि करू नये

तेल किंवा तूप पाजू नका. काही विषं त्याने उलट लवकर अंगात भिनतात, आणि तेल श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया. मिठाचं पाणी नको. दूध नको, कोंबडीला ते पचत नाही आणि विष ‘उतरवत’ही नाही. पाय धरून उलटं टांगून पिशवी दाबून ओकवणं हा प्रकार गावात फार चालतो. त्यात निम्म्याहून जास्त वेळा द्रव फुफ्फुसात जातो असं माझं स्वतःचं मत झालंय, दोन कोंबड्या तशा गमावून. कोणी तंबाखूचं पाणी सांगतं. ते तर विषावर विष.

आणि “मरायच्या आत कापून टाका.” हे वाक्य प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच. दोन-अडीचशे रुपयांची कोंबडी वाया जाताना बघवत नाही, हे मला समजतं. पण काय खाऊन पडली ते माहीत नसलेली कोंबडी आपल्या पातेल्यात घालू नये, कुत्र्यालाही घालू नये. कीटकनाशक असेल तर शिजवून ते जाईल याचा भरवसा नसतो. खोल खड्डा, वर चुना, वर दगड. बऱ्या झालेल्या कोंबडीची अंडीही डॉक्टर म्हणतील तोवर टाकून द्यायची. आम्हाला तीन आठवडे सांगितले होते. कवडीने त्या काळात घातलीच चार.

परसातली बाकीची मंडळी

एरंडाचं नाव निघाल्यावर मी घराभोवती वही घेऊन हिंडले. सगळी यादी देत नाही, ज्यांचा कोंबड्यांशी खरंच संबंध येतो तेवढी सांगते.

सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे कासविंदा, काहीजण रानटाकळा म्हणतात. टाकळ्याचाच भाऊ. पहिल्या पावसात टाकळ्याची कोवळी भाजी आपण खातो, त्यामुळे या कुळाबद्दल कोणाच्या मनात पाप येत नाही. टाकळ्याच्या देठावर पानांच्या तीन जोड्या आणि पानाचं टोक गोल. कासविंद्याच्या चार-पाच जोड्या, पान टोकदार, चुरगळलं की घाण वास. त्रास बियांचा. दिवाळीच्या सुमाराला शेंगा वाळतात आणि घाटावर मका, ज्वारी, सोयाबीन काढताना त्या बिया धान्यात येतात. स्वस्तातला ‘कोंबड्यांचा मका’ घेतला की त्यात हमखास सापडतात. या बियांनी कोंबडीचे स्नायू झिजतात: पाय लटपटतात, बसली की उठत नाही, खाणं चालू पण वजन उतरतं. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं या झाडाच्या शेंगा खाऊन दगावत होती, तेही वर्षानुवर्षं मेंदूज्वर म्हणून खपलं होतं. तुमच्या कोंबड्या जूनऐवजी हिवाळ्यात, आणि एकदम न पडता हळूहळू पायातून जात असतील, तर दाण्याची गोणी ताटात ओतून निवडून बघा. तसंच पिवळ्या धोतऱ्याचं बी. ते मोहरीसारखं दिसतं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याची भेसळ होऊन माणसं मेली होती. कोंबड्यांनाही त्याने अंगावर सूज येते.

साध्या धोतऱ्याबद्दल एकच सांगते. माणसाला धोतरा चढला की डोळ्याची बाहुली मोठी होते, हे ऐकून लोक कोंबडीच्या डोळ्यात टॉर्च मारून बघतात. पक्ष्यांच्या बाहुलीचे स्नायू आपल्यापेक्षा वेगळ्या जातीचे असतात, ती खूण तिथे चालत नाही.

कळलावी. पावसात कुंपणावर आगीसारखी फुलते, दिसायला देखणी. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा, आणि जूनमध्ये मातीची उकराउकर करताना तो वर येतो. फुटलेला कंद तसाच टाकून देऊ नका. गुंजेच्या अख्ख्या बीचं कवच चिवट असतं, फुटलेली किंवा ओवण्यासाठी भोक पाडलेली बी मात्र घातक. मोगली एरंड कुंपणाला असेल तर पडलेल्या बिया गोळा करत चला. अ‍ॅव्होकॅडो आता आपल्या बाजारातही येतो. त्याची साल, बाठा आणि पान पक्ष्यांना चालत नाही, गरही नकोच.

स्वयंपाकघराकडेही बघा, कारण कोंबडीच्या ताटाचा निम्मा पुरवठा तिथून होतो. हिरवे पडलेले, कोंब आलेले बटाटे आणि त्यांची सालं. भिजवून विसरलेला कच्चा राजमा. आणि पावसाळ्यातला आमचा कोकणी रिवाज: बुरशी आलेले शेंगदाणे, वास मारणारं खोबरं, गोळे झालेलं पीठ, “टाक कोंबड्यांना.” शेंगदाण्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन मुळात जगाला कळलं तेच पक्ष्यांमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाची बुरसटलेली पेंड खाऊन लाखभर टर्की मेले, तेव्हा. वनस्पतीचं विष नसेल तेव्हा मी आता पहिला संशय याच्यावर घेते. अंडी हळूहळू कमी होणं, तुरा फिका पडणं, वरचेवर एखादी जाणं, असं त्याचं रूप असतं.

फोन करताना हाताशी काय हवं

पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्याचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. गावातल्या दवाखान्यात कोणी नसेल तर तो लावा. “कोंबडी आजारी आहे” एवढ्याने समोरच्याला काही कळत नाही. किती पडल्या, किती मेल्या, पहिली कधी. शेजाऱ्यांकडे काय स्थिती. लस कोणती, कधी. श्वास घरघरतो का, मान लोंबते की वाकडी, थरथर आहे का. गेल्या तीन दिवसांत परसात नवीन काय घडलं: खत, फवारणी, छाटणी, नवी गोणी, उंदरांचं औषध. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. डॉक्टर विषावरचं इंजेक्शन त्याच्यावरून ठरवतात. काही कीटकनाशकांवर अ‍ॅट्रोपिन देतात, आणि धोतऱ्याचं विष स्वतःच अ‍ॅट्रोपिनच्या घराण्यातलं. चुकीची माहिती दिली तर औषधच भोवेल.

मेलेली कोंबडी तपासायला द्यायची असेल तर फ्रीझरमध्ये घालू नका. गोठली की आतले अवयव तपासण्यासारखे राहत नाहीत. हातमोजे घालून दोन पिशव्यांत बांधा, भोवती बर्फ, आणि त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा. गरज पडली तर तिथून नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. संशयित झाडाची फांदी किंवा गोणीतली मूठभर पेंड वेगळ्या पिशवीत, गोणीवरच्या लेबलाचा फोटो मोबाईलमध्ये.

आमच्याकडे पेंड बंद झाली. माडांना आता शेणखत आणि पाचोळा. उरलेली अर्धी गोणी झाकणाच्या ड्रममध्ये घालून, वर ‘विष’ लिहून, पडवीच्या माळ्यावर आहे. ज्यांना पेंड सोडायची नाही त्यांनी वरवर भुरभुरवण्याऐवजी वीतभर खोल चर खणून त्यात घालावी, वर माती दाबावी आणि आळ्यावर महिनाभर काटेरी फांद्या किंवा जाळी ठेवावी. एरंड नसलेली निंबोळी पेंड मिळते, पण गोणीची शिवण उलटून वाचा.

गेल्या दोन पावसाळ्यांत एकही गेलेली नाही. कवडी यंदा स्वतः खुडूक बसली, नऊ अंड्यांवर. सात निघाली. कण्हेरीला बुंध्यातून धुमारे फुटलेत, कमरेएवढी झाली आहे. या वेळी ती आम्ही तशीच ठेवली आहे, देवाला फुलं लागतात.